टाचणाची रुजवात

शाळेच्या कपाटात जी नानाविध दप्तरे वर्षानुवर्षे साचत जातात, त्यांत केवळ तपासणीसाठी लिहिलेल्या टाचणवहीइतके नीटनेटके आणि तिच्याइतकेच निरुपयोगी दप्तर दुसरे क्वचितच आढळेल. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, उपयोजन या पायऱ्या, ज्यांचे मूळ हर्बार्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या अनुयायांनी रूढ केलेल्या पाठपद्धतीत आहे, अध्यापक विद्यालयातून मुखोद्गत करून जो तरुण शिक्षक खेड्यातील शाळेवर रुजू होतो, त्याला रकाने भरले म्हणजे पाठाचे नियोजन झाले असे वाटणे स्वाभाविकच होय. वस्तुतः शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास ठरविताना पूर्वतयारीचा वेळ त्यांतच धरला आहे. म्हणजे तयारी हे घरी उरकावयाचे उपकारक कर्म नसून नोकरीचाच भाग आहे. त्या तयारीत नेमके काय करावे, याविषयी मात्र कायदा मौन पाळतो, आणि ते ठीकच आहे.

माझी सारी नोकरी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत झाली. पाठ्यपुस्तक सर्वत्र एकच. पण नीरा डाव्या कालव्याखालचे उसाचे गाव निराळे, सुपे-मोरगावकडचा जिरायत पट्टा निराळा, आणि भिगवण-पळसदेवकडे उजनीच्या फुगवट्याच्या काठी वसलेली वस्ती त्याहून निराळी. कालव्याखालच्या एका शाळेत पाचवीला क्षेत्रफळ शिकविण्याचा प्रसंग आला, तेव्हा पुठ्ठ्याचे चौरस कापून केलेला माझा पाठ निर्विघ्न पार पडला, मुलांनी ‘लांबी गुणिले रुंदी’ एका सुरात म्हटले, आणि फळ्यावरची सर्व उदाहरणे बिनचूक सुटली. तास संपता संपता सहज म्हणून मी विचारले, “तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, मग सहासष्ट फूट लांब आणि सहासष्ट फूट रुंद तुकडा किती गुंठ्यांचा?” जवळजवळ सगळ्या वर्गाने मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, “दोन!”

ज्या घरांत बांधावरून भावकीची भांडणे होतात, ज्यांतील मुले चाळीस गुंठ्यांचा एकर हे आईच्या मांडीवरच शिकतात, त्या घरांतील मुलांचे हे उत्तर होते. दुसऱ्या दिवशी सुताच्या दोरीला तेहतीस फुटांवर गाठ मारून आम्ही शाळेच्या मैदानात फक्कीने प्रथम एक चौकोन आखला, नंतर त्याच्या दोन्ही बाजू दुपटीने वाढविल्या, आणि मधल्या रेघा ओढताच चार गुंठे समोर उभे राहिले. मग मुलांनीच गुणाकार करून पाहिला: एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट, मोठ्या तुकड्याचे ४,३५६, म्हणजे बरोबर चौपट. पुठ्ठ्याच्या चौरसांनी जे साधले नव्हते ते त्या एका चुकीच्या उत्तराने साधले, आणि तेव्हापासून मी टाचणाच्या शिरोभागी उद्दिष्टाऐवजी ‘मुले काय चुकतील’ हे लिहू लागलो.

हा सिद्ध झालेला पाठ बरहुकूम उतरवून घेऊन पुढे मी भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातील एका शाळेत नेला. गळीत हंगाम सुरू होता, बीडकडून आणि नगरकडून आलेल्या ऊसतोड कामगारांची मुले वर्गात बसली होती. दोरी तीच, फक्की तीच, प्रश्नही तोच. मुले गप्प. अखेरीस एक मुलगा उठून म्हणाला, “गुर्जी, आम्हाला टनाचं कळतं. गुंठे मालकाचे असतात.” त्या वाक्यापुढे माझ्या टाचणातील प्रस्तावनेला काहीही आधार उरला नाही. पुढचा पाठ त्यांच्या पाचटाच्या कोपीवरून घेतला: कोपीच्या तळात किती चटया मावतात, आणि लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट केली तर किती मावतील? उत्तर पुन्हा तेच आले, “दुप्पट!” चूक दोन्ही गावांत एकच होती, तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र वेगळी होती.

म्हणून नव्या शिक्षकमित्रांना माझे सांगणे असे की, टाचणात अपेक्षित चूक आणि तिला उघडे पाडणारा एक प्रश्न हा मजकूर पक्क्या शाईने लिहावा, आणि प्रस्तावनेची जागा पेन्सिलीने भरावी. ही चूक कोठून शोधावी, तर गतवर्षीच्या उत्तरपत्रिकांतून. त्या रद्दीत घालण्याची घाई करू नये. एकच रामकथा अष्टोत्तरशत रीतींनी रचण्याचा हव्यास धरणाऱ्या मोरोपंतांच्या बारामतीत एकच टाचण दहा वर्षे नकलून काढणारा शिक्षक पाहिला की मला हसू आवरत नाही. असो.

उद्दिष्ट लिहिताना क्रियापदाचा कर्ता कोण, हे पाहावे. ‘क्षेत्रफळाची संकल्पना समजावून देणे’ हे शिक्षकाचे काम झाले; ‘दिलेल्या तुकड्याचे गुंठे मोजून सांगेल’ हे मुलाचे, आणि ते घडले की नाही याची रुजवात तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत घेता येते. एका तासाला असे एक उद्दिष्ट पुष्कळ होते. हजेरीपट आदल्या दिवशी चाळावा. कालव्याला पाळी सुटली असेल किंवा गावचा बाजार असेल, तर नव्या घटकाचा आरंभ त्या दिवशी करू नये, उजळणी करावी. पाठ झाल्यावर त्याच सायंकाळी, आठवण ताजी असताना, डाव्या कोऱ्या पानावर दोन-तीन ओळी लिहाव्यात: कोठे अडले, कोणता प्रश्न वाया गेला, वेळ कोठे उडाला. अंदाजपत्रक उजवीकडे आणि जमाखर्च डावीकडे, अशी ती वही असावी. तपासणीला आलेल्या साहेबांना खाडाखोड रुचली नाही तर त्यांना डावे पान वाचावयास द्यावे.

दोनशिक्षकी शाळेत या सर्वाची निकड अधिकच. तेथे एका इयत्तेला शिकवीत असताना दुसरी काय करील, हे आधी ठरवावे लागते, आणि ‘पाढे लिहा’ हे त्याचे उत्तर नव्हे. तिसरीला दोरी देऊन व्हरांड्याची लांबी मोजावयास लावावी आणि ती मापे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत. पाऊण तासाने पाचवीला गुणाकाराची उदाहरणे घालताना तीच मापे कामी येतात.