जुन्या पिकअपला चढा भाव : गाडी विकावी की ठेवावी?

मृगाच्या तोंडावर बैलजोडीला कितीही चांगले गिऱ्हाईक आले तरी शहाणा शेतकरी जोडी दावणीवरून सोडत नसे. पेरणी आटोपल्यावर बैलांचे जे मोल उरते त्याहून पेरणीपूर्वी त्यांचे मोल निराळे असते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. आज बागायती भागात बैलजोडीच्या जागी अनेक घरांसमोर पिकअप किंवा 'छोटा हत्ती' उभा असतो. या गाडीच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी कित्येकदा गोंधळून जातो. तालुक्याच्या गावचा दलाल दारी येऊन अनपेक्षित मोठी रक्कम बोलतो, शेजाऱ्याने गाडी विकल्याची वार्ता कानी येते आणि आपणही संधी साधावी असे वाटू लागते. अशा वेळी निर्णय कोणत्या हिशोबावर करावा, याचा विचार या लेखात केला आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशोब शेतकऱ्यासमवेत बसून कागदावर मांडून द्यावा, अशी अपेक्षा आहे.

भाव का चढतात?

जुन्या गाडीचा भाव बहुतांशी नव्या गाडीवर अवलंबून असतो. नवी गाडी महाग झाली किंवा मिळेनाशी झाली, की गिऱ्हाईक जुनीकडे वळते. दिनांक १ एप्रिल २०२० पासून 'भारत टप्पा सहा' हे प्रदूषणविषयक मानक लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांच्या किमती वाढल्या. पाठोपाठ सन २०२१ व २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची जगभर टंचाई पडली व नव्या गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागले. त्या काळात जुन्या गाड्यांना आलेला भाव हा गाड्यांच्या गुणाचा नव्हता, टंचाईचा होता.

टंचाईचा भाव टिकत नाही. कराच्या एका निर्णयानेही तो उतरू शकतो. दिनांक २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. जी गाडी करासह १०,००,००० रुपयांस पडत होती तिची करापूर्वीची किंमत ७,८१,२५० रुपये होते. नव्या दराने तीच गाडी ९,२१,८७५ रुपयांस पडते. नवी गाडी ७८,१२५ रुपयांनी स्वस्त झाल्यावर जुनीचा ग्राहक पूर्वीचा भाव कशासाठी देईल? यास्तव गेल्या वर्षी शेजाऱ्यास काय मिळाले हे विचारण्यात अर्थ नाही. आज, आपल्या गाडीस, रोख रक्कम मोजून कोण किती देतो, तोच भाव धरावा. आणि तो एका दलालाकडून न घेता निदान तिघांकडून घ्यावा.

विकण्याचा भाव हाही ठेवण्याचाच खर्च

गाडीचे कर्ज फिटले की ती फुकट चालते, असा एक सार्वत्रिक समज आहे. डिझेल व दुरुस्ती एवढाच खर्च धरला जातो. वस्तुतः गाडी दारात ठेवण्याचे दोन खर्च डोळ्यांना दिसत नाहीत. पहिला, वर्षभरात तिची किंमत जेवढी उतरते तेवढी घट. आणि दुसरा, ती विकून येणाऱ्या रकमेवर जे व्याज मिळाले असते किंवा जे कर्जाचे व्याज वाचले असते ते. भाव चढले म्हणजे हे दोन्ही खर्च वाढतात. थोडक्यात, भाव चढला की न विकलेली गाडीही मालकाला महाग पडू लागते. ही गोष्ट उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, जुन्नर तालुक्यात ओतूरकडील एका टोमॅटो बागायतदाराकडे सहा वर्षांची, कर्ज फिटलेली पिकअप आहे. घरचाच मुलगा ती चालवतो. वर्षाकाठी नारायणगावच्या बाजारात ६० खेपा व वाशीच्या बाजारात २२ खेपा होतात. पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले घालावेत.

आज गाडीस ५,२५,००० रुपये येतात. वर्षभराने ४,६०,००० येतील असा अंदाज धरला तर घट ६५,००० रुपयांची. ५,२५,००० वर सात टक्क्यांनी व्याज ३६,७५० रुपये. विमा २८,०००, पासिंग व कर ७,०००, टायर व दुरुस्ती ४५,००० रुपये. या सर्वांची बेरीज १,८१,७५० रुपये होते. नारायणगावच्या खेपेस डिझेल ४०० रुपये व वाशीच्या खेपेस डिझेल व टोल मिळून ३,००० रुपये धरल्यास वर्षाचा चालता खर्च ९०,००० रुपये. म्हणजे घरच्या गाडीची वाहतूक एकूण २,७१,७५० रुपयांस पडली.

आता हीच वाहतूक भाड्याच्या गाडीने केली तर? नारायणगावचे भाडे १,४०० व वाशीचे ७,५०० रुपये धरून अनुक्रमे ८४,००० व १,६५,०००, मिळून २,४९,००० रुपये. घरची गाडी २२,७५० रुपयांनी महाग ठरली.

हाच हिशोब भाव नेहमीचे असताना करून पाहावा. त्या वेळी गाडीस ४,००,००० रुपये आले असते, वर्षाची घट ४०,००० व व्याज २८,००० रुपये झाले असते. घरच्या वाहतुकीची बेरीज २,३८,००० रुपयांवर येते आणि भाड्यापेक्षा ती ११,००० रुपयांनी स्वस्त ठरते. गाडी तीच, खेपा त्याच, रस्ताही तोच. केवळ बाजारात भाव चढल्यामुळे वर्षाचा खर्च ३३,७५० रुपयांनी वाढला व उत्तर उलटले. जुन्या गाडीचे भाव चढले असता विकण्याचा विचार करणे गैर नाही, ते याच कारणाने.

कागदावर न येणारी बाजू

वरील उत्तर पाहून कोणी लगेच इसार घेऊ नये. २२,७५० रुपयांचा फरक फार नाजूक आहे. नारायणगावच्या प्रत्येक खेपेस घरची गाडी १,००० रुपये वाचवते, तर वाशीच्या खेपेस ४,५०० रुपये. म्हणजे वाशीच्या अवघ्या पाच खेपा वाढल्या तरी हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खेपांची संख्या अंदाजाने सांगू नये. अडत्याच्या पट्ट्या व डिझेलच्या पावत्या काढून मागील दोन वर्षांच्या खेपा मोजाव्यात. शेतकरी आपल्या खेपा नेहमी जास्तच सांगतो, असा आमचा अनुभव आहे. लग्नकार्याच्या व देवदर्शनाच्या फेऱ्याही त्यात मिसळलेल्या असतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ज्या दिवशी गाडी हवी त्या दिवशी ती भाड्याने मिळेल काय? टोमॅटो हा नाशवंत माल. सन २०२३ च्या जुलै महिन्यात नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांहून अधिक भाव निघाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत भाव इतके कोसळले की तोडणीचा खर्चही निघेना. अशा पिकात वर्षाचे उत्पन्न मोजक्या दिवसांवर ठरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत शिवारातील प्रत्येकाला गाडी हवी असते. भाव असलेल्या दिवशी ७० क्रेट बांधावर राहिले, तर क्रेटला २,००० च्या हिशोबाने १,४०,००० रुपयांचा माल एक दिवस मागे पडतो. दुसऱ्या दिवशी तो अधिक पिकलेला असतो व भाव कोणता निघेल ते सांगता येत नाही. वरील २२,७५० रुपयांची बचत अशा एका दिवसात संपू शकते.

कांद्याची गोष्ट वेगळी आहे. उन्हाळी कांदा चाळीत काही महिने थांबतो; आज गाडी मिळाली नाही तर चार दिवसांनी माल बाजारात नेता येतो. ऊस उत्पादकाची वाहतूक तर बहुधा कारखान्यामार्फतच होते व पिकअप वर्षातील बरेच दिवस उभी राहते. तिचे टायर उभ्यानेच खराब होतात. अशा गाडीस चढा भाव येत असेल तर ती ठेवण्याचे सबळ कारण आम्हांस दिसत नाही. नाशवंत मालाचा बागायतदार मात्र हंगामाच्या तोंडावर गाडी विकणार असेल, तर त्याने आधी दोन भाडेकऱ्यांशी पक्के बोलावे, हंगामातील दर ठरवावा आणि मगच व्यवहारास हात घालावा. तेवढी निश्चिती होत नसेल तर शेवटची तोडणी होईपर्यंत थांबावे. मधल्या काळात भाव थोडा उतरला तरी चालेल.

घरच्या तरुणाचा वेळही विचारात घ्यावा. वाशीस रात्री निघून दुसऱ्या दिवशी दुपारी परतणारा मुलगा त्या दिवशी शेतात नसतो. उलट, परतीच्या वाटेवर खते, पाइप अथवा इतरांचा माल आणून तो चार पैसे मिळवत असेल तर ती रक्कम घरच्या गाडीच्या बाजूस जमा धरावी.

विकून दुसरी घ्यायची असल्यास

येथे सर्वांत जास्त फसगत होते. आपली गाडी महाग विकली याचा आनंद होतो. परंतु दुसरी जुनी गाडीही त्याच चढ्या बाजारातून घ्यावी लागते. नेहमीच्या दिवसांत आपली गाडी ४,००,००० व अधिक चांगली, तीन वर्षांची गाडी ६,००,००० रुपयांची असेल, तर वर २,००,००० घालावे लागतात. दोन्हींचे भाव तीस टक्क्यांनी चढले की त्या अनुक्रमे ५,२०,००० व ७,८०,००० रुपयांच्या होतात आणि वरची रक्कम २,६०,००० होते. म्हणजे चढ्या भावात बदल करणाऱ्यास ६०,००० रुपये अधिक मोजावे लागले. मोठी गाडी देऊन लहान घेणाऱ्यास याच कारणाने लाभ होतो. नवी गाडी घेणाऱ्याचाही लाभ होऊ शकतो, कारण नवीची किंमत तेवढी चढलेली नसते. मात्र ती हंगामापूर्वी हाती पडेल काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि कर्जाचे व्याज हिशोबात धरावे.

गाडीचे वयही पाहावे लागते. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. जाणता ग्राहक आठ वर्षांची गाडी याच कारणाने कमी भावात मागतो. सातवे वर्ष चालू असलेल्या, हौदा गंजू लागलेल्या व इंजिनाचे मोठे काम समोर दिसणाऱ्या गाडीस चांगला भाव येत असेल तर तो सोडू नये. विकण्यासाठी म्हणून इंजिनाचे काम मात्र करून घेऊ नये. तो खर्च भावात पुरता वसूल होईलच असे नाही. गाडी धुऊन, कागद नीट लावून दाखवली तरी पुरे.

व्यवहार करताना

नावावरून गाडी उतरविल्याशिवाय विक्री पुरी झाली असे समजू नये. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी दलालाच्या हवाली करण्याची रीत सर्वत्र आहे व ती अत्यंत घातक आहे. दलाल पुढील गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी जुन्या मालकाच्याच नावावर चालवतो. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव असेल तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरला जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सन २०१८ मध्ये दिला आहे. पाच लाखांस गाडी विकून त्याहून कितीतरी मोठ्या भरपाईची नोटीस घरी येण्याचा हा मार्ग आहे.

हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, गाडी राज्यातच विकली असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. बँकेचा बोजा असेल तर कर्ज फेडल्याचा दाखला व नमुना ३५ घेऊन तो आधी उतरवावा. कर्ज फिटूनही पुस्तकावर बोजा तसाच राहिल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. थकलेले चलन भरून टाकावे. विमा घेणाऱ्याच्या नावे करण्यासाठी त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो; तो केला की नाही हे विकणाऱ्याने स्वतः विचारावे.

पैसे बँकेतून घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्यास, म्हणजे येथे शेतकऱ्यास होतो. गाडी ताब्यात देताना तारीख व वेळ घालून पावती लिहावी, तीवर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी आणि त्याच दिवशी आपला फास्टॅग बंद करावा. अन्यथा नव्या मालकाच्या टोलचे पैसे आपल्या खात्यातून जात राहतील.