स्टँपपेपरवरची फारकत आणि लेकराचा ताबा



लागणीच्या नोंदीत चार गुंठे कमी पडले तर आपण शेतकी ऑफिसात चार खेपा घालतो. वजनकाट्याची पावती दोनदा वाचतो. पण लेकीचा संसार मोडायची वेळ आली की पंचांनी पुढे केलेल्या स्टँपपेपरवर, तो न वाचता, सही करून मोकळे होतो. म्हणून या अंकात आम्ही घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा या विषयाची माहिती देत आहोत.

आपल्याकडच्या कित्येक मुली लग्न होऊन मुंबईला जातात. समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आपल्या भागातली मुलगी गोरेगावच्या आरे कॉलनीत दिली. सरकारने १९४९ साली वसवलेली ही दुधाची वसाहत. नवरा तिथल्या तबेल्यात कामाला, गावाकडे थोडा ऊस. पुढे पटेना. मुलगी चार वर्षांचा मुलगा घेऊन माहेरी आली. सासरची मंडळी कागद घेऊन आली. कागदात तीन गोष्टी: उभयतांनी राजीखुशीने फारकत घेतली, पोटगीचा हक्क सोडला, मुलगा बापाकडे राहील. शिवाय वर एक दाखला: “आमच्या शेजारच्या पाड्यावर पंचांपुढेच मोकळे झाले, तुम्हांलाच कोर्ट कशाला?”

शेजाऱ्याचे चालले म्हणून आपले चालत नाही

आरेतले वारली व इतर आदिवासींचे पाडे दूध वसाहतीच्याही आधीपासूनचे आहेत. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २ प्रमाणे, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, तो अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांच्यात जमातीची रूढी चालते. आपल्यापैकी ज्यांना हा कायदा लागू आहे, त्यांचा घटस्फोट कोर्टाच्या हुकुमानेच होतो. (मुस्लिम, ख्रिस्ती सभासदांना त्यांचे वेगळे कायदे आहेत.)

आता कोणी म्हणेल, आमच्यातही काडीमोडीची चाल होती. खरे आहे, आणि कलम २९ ने अशी रूढी राखलीही आहे. पण ती रूढी जुनी, अखंड आणि त्या समाजात मान्य असल्याचे पुराव्याने शाबीत करावे लागते, आणि ते ओझे रूढी सांगणाऱ्यावर असते. फारकतीच्या कागदाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हेच सांगितले. नोटरीचा शिक्का मारल्याने काही फरक पडत नाही. नोटरी सहीची साक्ष देतो, घटस्फोट देत नाही.

मग असा कागद करून कोणी दुसरे लग्न लावले तर? पहिले लग्न कायद्याने उभेच असते. दुसरे रद्दबातल ठरते, आणि तो गुन्हाही होतो. दुसऱ्या घरची पोरगीही त्यात फसते.

कागद घटस्फोट देत नाही, पण पोटगीला आडवा येतो

ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पोटगीचे जुने कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. त्यात म्हटले आहे की पतिपत्नी आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असतील तर पत्नीला पोटगी मागता येत नाही. “आम्ही राजीखुशीने विभक्त राहतो” ही एक ओळ लिहून दिली की नवऱ्याच्या वकिलाच्या हाती आयते कोलीत मिळते. मुलाच्या पोटगीचा हक्क मात्र आईच्या सहीने जात नाही. तो मुलाचा स्वतःचा आहे.

पोटगी किती? सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे दोघांनाही मिळकत व देणे यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात पगार आला, तसे उसाचे बिलही आले. बिल बँकेत जमा होते, म्हणजे पुरावा तयारच आहे. आपल्यातला जो सभासद “मला उत्पन्नच नाही” म्हणून शपथेवर सांगेल, त्याने हे आधी आठवावे. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्जाला उशीर करू नये.

मुलगा कोणाचा?

कोर्ट असा प्रश्न विचारतच नाही. मुलाचे हित कशात, एवढेच पाहते. अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ प्रमाणे पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते. त्यापुढेही बाप मिळवता आहे, जमीनदार आहे, एवढ्याने ताबा मिळत नाही. मूल जाणते असेल तर त्याचे म्हणणेही विचारात घेतात. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचे दिवस ठरवून मिळतात. कागदावर “मुलगा बापाचा” लिहिले तरी कोर्ट त्याने बांधलेले नाही.

पुष्कळ घरांत खरी भीती वेगळीच असते: मुलगा आईबरोबर गेला तर जमिनीचा वारस गेला. ताबा आणि वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल आजोळी वाढले म्हणून बापाकडच्या जमिनीतला त्याचा हक्क तुटत नाही. मुलीचाही तुटत नाही. एवढे समजले तरी पोराची ओढाताण निम्मी कमी होईल.

कुठे जावे?

आपल्या उदाहरणातल्या मुलीने मुंबईच्या खेपा घालायलाच हव्यात असे नाही. आरे कॉलनीचे प्रकरण वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात चालू शकते. पण २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर. पोटगीचा अर्जही माहेरच्या भागात चालतो. मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी राहते तिथे करावा.

दोघेही राजी असतील तर कलम १३-ब प्रमाणे संमतीचा घटस्फोट आहे. निदान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकते, असे २०१७ साली ठरले. पोटगी, स्त्रीधन, मुलाच्या भेटी या अटी तिथेच लिहून घ्याव्यात.

खर्चाची धास्ती नको. स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. जाताना लग्नाची पत्रिका वा फोटो, मुलाचा जन्मदाखला आणि मिळतील ते मिळकतीचे कागद न्यावेत.

पंचांनी जुळवून आणले तर उत्तमच. कौटुंबिक न्यायालयही आधी समेटाचाच प्रयत्न करते. पण जुळत नसेल तर कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर लेकीची सही होऊ देऊ नका. आणि सून आपल्या घरची असेल, तर असा कागद घेऊन दुसऱ्याच्या दारात जाऊही नका.