आभासी कार्यालयात दाखला मिळेल का?

प्रश्न : डोळ्यांवर चष्मा चढवायचा, आभासी जगातल्या पालिकेत शिरायचं आणि घरबसल्या दाखला घ्यायचा, असं परदेशात होतं म्हणे. आमच्या नेरूळ विभाग कार्यालयात हे कधी येईल?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : हा प्रयोग दक्षिण कोरियाच्या सोल शहराने करून पाहिला आहे. जानेवारी २०२३मध्ये तिथल्या पालिकेने ‘मेटाव्हर्स सोल’ सुरू केलं. त्यासाठी चष्माही लागत नव्हता. मोबाइलवर आपली बाहुली तयार करायची, तिला चालवत पालिकेत न्यायचं आणि समोरच्या बाहुलीला कराबद्दल विचारायचं. लोक फारसे फिरकले नाहीत आणि ऑक्टोबर २०२४मध्ये ते बंद झालं. हीच चौकशी १२० क्रमांकावर फोन करून आधीपासूनच होत होती. मग बाहुली कोण चालवत बसणार?

जन्मदाखल्यात आडनावाचं एक अक्षर चुकलं, तर आपल्याला सुंदर दालन नको असतं. अर्ज कुणाकडे द्यायचा, कागद कोणते जोडायचे आणि दुरुस्त दाखला कधी मिळेल, एवढंच हवं असतं. त्यासाठीचं खरं हत्यार आपल्या हातात आहे : महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवेसाठी मुदत ठरलेली असते. अर्ज केल्यावर पोचपावती मागून घ्या आणि तिच्यावरची तारीख पाहा. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. विनाकारण दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो.

मग तो चष्मा अगदीच निरुपयोगी का? मुळीच नाही. त्याची जागा शहराच्या विकास आराखड्यापाशी आहे. नवी मुंबईचा प्रारूप आराखडा २०२२मध्ये हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. असा नकाशा भिंतीवर लागतो तेव्हा त्यात दिसतात रंगीत ठिपके आणि आरक्षणांचे क्रमांक. रोहित पक्षी उतरतात ती नेरूळची पाणथळ जागाही तिथे बोटभर तुकडाच असते. विभाग कार्यालयात दोन-तीन चष्मे ठेवले, तर आजी-आजोबाही त्या पाण्याच्या काठावर उभे राहून बघतील : इथे इमारत आली तर आभाळ किती उरेल, मैदान राहिलं तर मुलं कुठे खेळतील. हरकत मग साध्या कागदावर लिहिली तरी चालेल. ती डोळ्यांनी पाहून लिहिलेली असेल.