पथ्यातही चव हवी: हंगामी भाज्यांचा घरगुती स्वयंपाक

रुग्णालयातून घरी जाताना रुग्णाच्या हाती आम्ही दोन कागद देतो; एक औषधांचा व दुसरा पथ्याचा. औषधांचा कागद बहुतेक घरी जपून ठेवला जातो. पथ्याचा मात्र महिन्याभरात बाजूला पडतो. फेरतपासणीत रक्तदाब पुन्हा वाढलेला आढळतो आणि नातेवाईक संकोचाने सांगतात, "अळणी जेवण त्यांना जातच नाही हो." ही तक्रार खरी आहे. म्हणूनच यंदाच्या अहवालातील हे पान आम्ही स्वयंपाकघरासाठी राखून ठेवले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ आणि किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे घ्यावीत. या ४०० ग्रॅममध्ये बटाटा धरलेला नाही. मिठाचा हिशेब घरच्या घरी ठेवता येतो. चार प्रौढांच्या कुटुंबास दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे १ किलोची पुडी किमान ५० दिवस पुरावयास हवी. नवी पुडी उघडताना तिच्यावर तारीख लिहावी. ती महिन्यातच संपत असेल, तर मीठ कोठे जास्त पडते ते शोधावे. पापड, फरसाण व विकतचे लोणचे यांतून येणारे मीठ या हिशेबाबाहेरचे आहे, याचाही विसर पडू नये. सैंधव चालते, हा समज चुकीचा आहे. त्यातही सोडियम जवळजवळ तितकेच असते.

मग चव आणावी कोठून? हंगामातील ताजी भाजी स्वतःची चव घेऊनच येते, शिवाय खिशालाही परवडते. पावसाळ्यात दोडका, पडवळ, करटोली व अळू. हिवाळ्यात मेथी, चाकवत, पावटा, गाजर व ओला लसूण. उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा, गवार, दुधी व कैरी, अशी वर्षाची वाटणी आपल्या बाजारात आपोआप झालेली असते.

उदाहरणादाखल दोडक्याची भाजी पाहू. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण व कढीपत्ता यांची फोडणी करावी. फोडी घालून मंद आचेवर ताटली झाकावी व ताटलीत पाणी ठेवावे. आतील वाफ थंड ताटलीस लागून पुन्हा भाजीत उतरते. त्यामुळे भाजी करपत नाही व जादा तेल लागत नाही. शेवटी भाजलेल्या तिळाचे कूट, कोथिंबीर व लिंबाचा रस घालावा. आंबटपणा आणि खमंगपणा असला की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी होणारी भोगीची भाजी याच न्यायाने रुचकर होते. हिवाळ्यातील भाज्या आणि तीळ हेच तिचे खरे बळ.

पालेभाजी शिजल्यावर खूपच आळते, म्हणून मीठ शेवटी व अंदाज घेऊनच घालावे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालू नये; त्याने सोडियम वाढते व जीवनसत्त्वांचा नाश होतो. मीठ एकदम न तोडता दर आठवड्यास थोडे थोडे कमी करावे, म्हणजे जिभेला सवय होते. रुग्णासाठी वेगळे भांडे न चढविता सर्वांनीच तेच जेवण घ्यावे; पथ्य टिकण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

दोन सूचना मात्र आवश्यक आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी भाज्यांची निवड डॉक्टरांना विचारूनच करावी. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू अथवा घटवू नये.

आपल्या देणग्यांतून आम्ही रुग्णास बरे करून घरी पाठवू शकतो. तो पुन्हा खाटेवर येऊ नये, यासाठीचे पुढील काम घरच्या चुलीपाशी होते. त्या कामी हे पान उपयोगी पडावे, हीच आमची इच्छा.