मोटारीचा दोषांक : निदान आणि दुरुस्ती

शेतमाल बाजारात नेण्यासाठी डिझेलवर चालणारी मालवाहू मोटार आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी दिसते. तिच्या चालकापुढील फळीवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की मालक गोंधळून जातो व मेस्त्री सांगेल तो भाग बदलण्यास संमती देतो. हा खर्च पुष्कळदा व्यर्थ जातो. सबब, मेस्त्री ज्यास 'कोड' म्हणतात तो दोषांक म्हणजे काय व त्यावरून निदान कसे करावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आपले दोष आपणच नोंदविण्याची एकसारखी पद्धत अमेरिकेत १९९६ सालच्या मोटारींपासून सक्तीची झाली. आपल्या देशात ही व्यवस्था २०१० सालापासून टप्प्याटप्प्याने आली. इंजिनावरील सेन्सर उष्णता, दाब, वेग इत्यादींची मापे संगणकास पुरवितात. एखादे माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, की संगणक पाच चिन्हांचा दोषांक नोंदवून दिवा लावतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटास स्कॅनर जोडला असता तो अंक वाचता येतो.

उदाहरणार्थ, 'पी ००८७' हा अंक घेऊ. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग. पुढील शून्य हे हा अंक सर्व कारखान्यांस समान असल्याचे दाखविते. त्या जागी १ असता तर तो त्या कारखान्याचा स्वतःचा अंक समजावा. तिसरे चिन्ह इंधन व हवा यांच्या पुरवठ्याचे होय. एकंदर अर्थ असा की, इंजेक्टरांस डिझेल पुरविणाऱ्या 'रेल' नामक नळीतील दाब अपेक्षेहून कमी आहे.

दाब कमी आहे एवढेच हा अंक सांगतो. पंप बिघडला असे तो मुळीच सांगत नाही. विहिरीवरील पंप पाणी कमी देऊ लागला, तर आपण आधी फूटव्हॉल्व्ह व सक्शन पाइप तपासतो. लागलीच नवा पंप आणीत नाही. तोच न्याय येथेही लावावा.

प्रथम, अंक पुसण्यापूर्वी तो व त्याबरोबर नोंदलेली वेग, उष्णता, भार यांची स्थिती कागदावर उतरून घ्यावी. भरल्या मोटारीने चढ चढताना दिवा लागला असेल, तर डिझेल वाटेत कोठेतरी कोंडत असल्याचा संशय घ्यावा. दुसरे, डिझेलचा फिल्टर पाहावा. तुंबला असल्यास बदलावा व त्याच्या तळाचे पाणी काढून टाकावे. पिंपात साठविलेल्या डिझेलात पाणी व कचरा सहज शिरतो. तिसरे, टाकीकडून येणाऱ्या नळ्यांचे जोड हवा ओढतात काय, हे पाहावे. चौथे, दाबाच्या सेन्सरची वायर तपासावी. कोठाराजवळ उभ्या असलेल्या मोटारीच्या वायरी उंदीर कुरतडतात. जोडणी सैल किंवा गंजलेली असली तर संगणकास खोटे माप मिळते. हे सर्व निर्दोष ठरल्यावरच मेस्त्रीकडून इंजेक्टरांतून टाकीकडे परत जाणारे डिझेल मोजून घ्यावे, व सर्वांच्या शेवटी मोठ्या पंपाकडे वळावे.

एक इशारा आवश्यक आहे. इंजिन चालू असता रेलच्या नळीचे नट कदापि सैल करू नयेत. तेथील दाब १००० बारहूनही अधिक चढतो, व डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

अंक पुसला म्हणजे दोष गेला, असेही नव्हे. दुरुस्तीनंतर मोटार भार घालून त्याच चढावर चालवावी; अंक पुन्हा उमटला नाही, तरच दुरुस्ती खरी. यास्तव आमच्या वाचकांनी मेस्त्रीस 'काय बदलावे?' असे न विचारता 'काय काय तपासले?' असे विचारण्याचा परिपाठ ठेवावा. त्यात पैसा वाचतो, आणि ऐन सुगीत मोटार दारात अडकून पडत नाही.