शिधा की रोख रक्कम? : खर्चावरील नियंत्रणाचे मूल्यमापन

शासकीय साहाय्याचा विनियोग लाभार्थ्याने कसा करावा, यावर शासनाने किती बंधन घालावे, हा प्रश्न जुनाच आहे. वस्तुरूप साहाय्यात बंधन सर्वाधिक, तर रोख साहाय्यात ते जवळजवळ नसतेच. या दोन्ही पद्धतींचा अनुभव धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याने घेतला आहे.

राज्यातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत धाराशिवचा समावेश होतो. तेथील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळत असे. गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो दराने. पुढे या योजनेसाठी केंद्राकडून धान्य मिळेनासे झाल्यावर २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी १५० रुपये बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये करण्यात आली.

या बदलाचा हिशेब सोपा आहे. १७० रुपये म्हणजे किलोमागे ३४ रुपये. त्यात पूर्वीची किंमत मिळविल्यास गव्हासाठी ३६ व तांदळासाठी ३७ रुपये हा समतोलाचा दर ठरतो. बाजारभाव याहून कमी असल्यास कुटुंबाचा लाभ, अधिक असल्यास तोटा. शिध्यात भाववाढीचा भार शासनावर होता. रोखीत तो कुटुंबावर येतो. मात्र ज्वारी, डाळ की औषध, ही निवड कुटुंबाच्या हाती येते.

मग रोख रकमेवरच बंधन घालावे काय? ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये काही भागांत तसा प्रयोग केला. साहाय्याचा ८० टक्के भाग विशेष कार्डावर दिला जाई. त्यातून मद्य वा जुगारावर खर्च करता येत नसे. सामाजिक हानी घटली किंवा कसे, याचा निष्कर्ष काढणे कठीण असल्याचे तेथील महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये नमूद केले. २०२३ मध्ये ते कार्ड बंद झाले.

तात्पर्य, नियंत्रणाचे मूल्यमापन हेतूवरून नव्हे, परिणामावरून व्हावे. ग्रामसभेने तीन गोष्टी तपासाव्यात : मिळालेल्या रकमेत गावच्या बाजारात किती धान्य येते? रक्कम वेळेवर जमा होते काय? ती काढण्यासाठी किती रोजगार बुडतो? रक्कम बाजारभावानुसार वाढत नसेल, तर खर्चाचे स्वातंत्र्य नावापुरतेच उरेल.