मालवाहू इंजिनांचा वारसा : भंगाराच्या भावापलीकडे

रेल्वेमार्गालगत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांचे क्रमांक वहीत टिपणे, हा छंद वरकरणी निरुपयोगी वाटतो. ब्रिटनमध्ये १९४२ साली इयान ॲलन यांनी इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका काढली आणि शाळकरी मुलांना त्याचे वेडच लागले. अर्थशास्त्राने दखल घ्यावी असे यात काही आहे काय? आहे. जुन्या भांडवली सामग्रीपैकी काय जतन व्हावे, हे अनेकदा याच छंदिष्टांच्या ओढीवर ठरत आले आहे. आणि ती ओढ मालगाडीच्या इंजिनाकडे सहसा वळत नाही.

भारतातील ‘डब्ल्यूपी’ आणि ‘डब्ल्यूजी’ ही वाफेची दोन भावंडे पाहावीत. दोघांचा बाष्पक एकाच बनावटीचा. प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूपीला सुमारे १.७० मीटर व्यासाच्या चालक चाकांच्या तीन जोड्या होत्या, तर मालवाहू डब्ल्यूजीला १.५६ मीटरच्या चार. चाक लहान असल्याने वेग कमी, पण ओढ अधिक. निमुळत्या नाकाच्या डब्ल्यूपीची छायाचित्रे घराघरांत पोहोचली; डब्ल्यूजी मात्र कोळसा, पोलाद आणि धान्य ओढत राहिले. चित्तरंजनच्या कारखान्यातून १ नोव्हेंबर १९५० रोजी बाहेर पडलेले पहिले इंजिन ‘देशबंधू’ हे डब्ल्यूजीच होते. नव्या प्रजासत्ताकाने आरंभ मालवाहू इंजिनाने करावा, यातून त्या काळाची निकड स्पष्ट होते. या वर्गाची सुमारे २,४५० इंजिने बनली. शेवटचे, ‘अंतिम सितारा’, १९७० साली.

मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाटाचा चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र. त्यावर १९२८-२९ पासून धावलेल्या विजेच्या मालवाहू इंजिनांना रेल्वेप्रेमी ‘खेकडा’ म्हणत. मध्यभागी चालककक्ष, पुढे-मागे लांब नाके आणि वळणावर दुमडणारा सांगाडा, अशी त्यांची रचना. स्वित्झर्लंडमधील तशाच बांधणीच्या इंजिनांना ‘मगर’ म्हणतात. ४१ खेकड्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात, तर एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे.

भंगाराच्या लिलावात इंजिनाची किंमत धातूच्या वजनावर ठरते. त्यातील अभियांत्रिकी ज्ञान आणि श्रमाचा इतिहास या भावात कोठेच येत नाही. शिवाय मोडीचा निर्णय अपरिवर्तनीय असतो, म्हणून प्रतीक्षेलाही मूल्य असते. वेल्समधील बॅरी येथे याचा अनवधानाने प्रयोग घडला. भंगार व्यापारी डाय वुडहॅम यांनी २९७ वाफेची इंजिने खरेदी केली. परंतु मालडबे तोडणे अधिक सोपे असल्याने इंजिने वर्षानुवर्षे गंजत पडली. तेवढ्या अवधीत छंदिष्टांनी वर्गणी जमवली आणि २१३ इंजिने वाचली. ब्रिटनच्या ‘नाइन एफ’ या २५१ जड मालवाहू इंजिनांपैकी आज नऊ उरली आहेत. त्यांतील सात बॅरीच्या आवारातली. धोरणाने नव्हे, तर कामाच्या सोयीने हे घडले.

भारतात आज अशीच घडी आली आहे. विद्युतीकरणामुळे डिझेल इंजिने झपाट्याने निवृत्त होत आहेत. बनारसच्या कारखान्यात १९६४ पासून बनलेल्या, मालगाड्या आणि प्रवासी गाड्या दोन्ही ओढणाऱ्या ‘डब्ल्यूडीएम-२’ची बहुतांश इंजिने मोडीत गेली आहेत. त्याच वेळी मधेपुऱ्यातील बारा हजार अश्वशक्तीची विद्युत इंजिने मालगाड्या ओढत आहेत. जुने इंजिन राखायचे तर रूळ अडतो, छप्पर लागते, पहारा लागतो. हा खर्च रेल्वेवर पडतो, लाभ मात्र समाजभर विखुरतो. त्यामुळे सारीच राखावीत असा आग्रह अव्यवहार्य ठरेल. निवड करावीच लागेल, आणि तेथेच ती वही कामी येते. कोणत्या क्रमांकाचे इंजिन कोणत्या शेडमध्ये होते, कोणाचे मूळ भाग शाबूत आहेत, कोणाची पुनर्बांधणी झाली, हे टिपण छंदिष्टांकडे विनामूल्य तयार असते. लिलावाची यादी निघण्यापूर्वी ते मागवण्यास टपालखर्चाहून अधिक काही लागणार नाही.